जुन्या व्हॉल्व्ह शॉर्टवेव्ह रिसीव्हरमधील फेरफार कसे ओळखावेत

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग या भागांतील जुन्या मराठी घरांतून आजही अधूनमधून माळ्यावरचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्वीच्या निर्वात नळ्यांचा, रेडिओ खाली उतरवला जातो आणि "आजोबांच्या वेळचा आहे, काका, कोणी हात लावलेला नाही" असे सांगून माझ्या टेबलावर ठेवला जातो. सांगणारा मनापासून सांगत असतो. परंतु साठ-सत्तर वर्षांत एकदाही न उघडलेला शॉर्टवेव्ह संच मी आजवर पाहिलेला नाही. कोणी जळालेल्या रेक्टिफायर (एसीचे डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हच्या जागी डायोड बसवलेले असतात, कोणी बाजारात न मिळणाऱ्या व्हॉल्व्हऐवजी दुसरा घालताना सॉकेटच बदललेले असते, तर कोणा हॅम ऑपरेटरने (परवानाधारक हौशी रेडिओवाल्याने) मोर्स आणि सिंगल साइडबँड (हॅम लोकांची बोलण्याची एक प्रक्षेपण पद्धत) नीट ऐकू यावे म्हणून डिटेक्टरचा, म्हणजे लहरींतून आवाज वेगळा काढणारा, भाग नव्याने बांधलेला असतो.

नवशिका येथे हमखास एक चूक करतो. तो छापील सर्किट डायग्राम समोर ठेवतो आणि त्याच्याशी न जुळणारी प्रत्येक गोष्ट बिघाड समजून उपटू लागतो. त्यामुळे चालू स्थितीतील संच बंद पडतो आणि आधी तेथे काय होते याचा पुरावाही नाहीसा होतो. म्हणून या लेखात दुरुस्तीविषयी फार थोडे आहे. सोल्डरिंगची इस्त्री तापवण्यापूर्वी संच वाचावा कसा, त्यात कोणी, काय आणि कशासाठी बदलले हे ओळखावे कसे, एवढाच त्याचा विषय आहे. उदाहरणादाखल मी बऱ्याच ठिकाणी बीसी-३४८ या दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी विमान-रिसीव्हरचा आधार घेतला आहे, कारण मला मिळालेला हा संच, महूच्या छावणीकडून आलेला असे विकणाऱ्याने सांगितलेला, फेरफारांच्या दृष्टीने अभ्यासाचे पुस्तकच निघाला.

हात घालण्यापूर्वी

व्हॉल्व्ह संचातील एचटी, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला (धन टोकाला) जाणारा उच्च दाब (व्होल्टेज), साधारण २५० ते ३५० व्होल्ट असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये बराच काळ टिकू शकतो. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या दोन क्लिपांना जोडून ठेवावा, तो प्रत्येक इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरच्या धन टोकापासून चॅसिसपर्यंत (सर्व भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत) काही सेकंद लावावा, आणि मग मल्टिमीटरने दाब खरोखर उतरला आहे याची खात्री करावी. पेचकसाने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. तिने कंडेन्सरही दुखावतो आणि माणूसही.

याहून मोठा धोका आहे तो मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेल्या संचांचा. हॅलिक्राफ्टर्सचा १९४६ मधील एस-३८ किंवा एडिस्टोनचा ८४०ए हे एसी-डीसी प्रकारचे रिसीव्हर आहेत. त्यांत विजेची एक तार सर्किटच्या सामाईक बाजूशी जोडलेली असते, आणि आपल्याकडील दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर चॅसिसवर थेट २३० व्होल्ट येऊ शकतात. व्हॉल्व्हच्या क्रमांकांवरून असा संच न उघडताही ओळखता येतो: अमेरिकी बनावटीत १२, ३५ किंवा ५० ने सुरू होणारे क्रमांक, आणि युरोपीय बनावटीत यूसीएच, यूएल, यूवाय अशी यू-मालिका. असे संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरखेरीज (मेन्सपासून पूर्ण वेगळे करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरखेरीज) मुळीच लावू नयेत. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. अमेरिकी संचासाठी बाजारात मिळणारे २३० वरून ११० व्होल्ट करणारे बहुतेक कन्व्हर्टर ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. ते दाब कमी करतात, पण मेन्सपासून वेगळे करत नाहीत.

मूळ संच कसा होता, हे आधी ठरवावे

फेरफार म्हणजे मुळापासूनचा फरक, आणि मूळच ठाऊक नसेल तर फरक कशाच्या तुलनेत मोजणार? मी बीसी-३४८ प्रथम हाती घेतला तेव्हा सिग्नल जनरेटर ४५५ किलोहर्ट्झवर लावून बसलो, कारण घरगुती रेडिओंच्या सवयीने आय.एफ. (येणारा प्रत्येक सिग्नल संचात ज्या ठराविक मधल्या फ्रीक्वेन्सीवर आणला जातो ती) तेवढीच असणार असे मी गृहीत धरले होते. संच गप्पच राहिला आणि आय.एफ. ट्रान्सफॉर्मर कोणीतरी बदलले असा निष्कर्ष मी वहीत लिहूनही टाकला. प्रत्यक्षात या रिसीव्हरची मूळ आय.एफ.च ९१५ किलोहर्ट्झ आहे. ब्रिटिश लँकेस्टर विमानांतील आर-११५५ ची ५६० किलोहर्ट्झ आहे, आरसीएच्या एआर-८८डी ची ४५५ आणि त्याच्याच एलएफ प्रकाराची ७३५. त्यामुळे संचाचे नाव पुरेसे नसते. त्यापुढचे अक्षर, अनुक्रमांक आणि कंत्राटाची पट्टी हेही टिपून घ्यावे, आणि डायग्राम त्याच प्रकाराचा मिळवावा.

अशीच फसगत इतर ठिकाणीही होते. नॅशनल कंपनीच्या १९३५ मधील एचआरओ या रिसीव्हरमध्ये रेक्टिफायर नाही आणि स्पीकरही नाही, कारण त्याचा पॉवर सप्लाय आणि स्पीकर मुळातच वेगळ्या पेट्यांत असत. ते कोणी काढून टाकलेले नाहीत. कित्येक कम्युनिकेशन रिसीव्हरच्या मागे स्टँडबायसाठी (ट्रान्समीटर चालू असताना रिसीव्हर गप्प ठेवण्यासाठी) दोन स्क्रू असतात, आणि ट्रान्समीटर जोडलेला नसताना त्यांच्यामध्ये तारेचा एक छोटा तुकडा असणे आवश्यक असते. तो तुकडा हरवला की व्हॉल्व्ह पेटतात, डायलचा दिवा लागतो, पण आवाज येत नाही, आणि नवशिका आठवडाभर सर्किटमध्ये दोष शोधत बसतो.

कारखान्यानेही उत्पादन चालू असताना बदल केलेले असतात. एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि शेवटच्या तुकडीत रेझिस्टरची किंमत, अर्थिंगची जागा, प्रसंगी एखादा अख्खा व्हॉल्व्हही वेगळा असू शकतो. म्हणून एकाऐवजी दोन डायग्राम मिळाले तर दोन्ही ठेवावेत, आणि कोणत्याशी संच जास्त जुळतो ते आधी पाहावे.

बाहेरून दिसणाऱ्या खुणा

पेटी उघडण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे नुसते पाहावे आणि चारही बाजूंनी फोटो घ्यावेत. पुढच्या पट्टीवर जास्तीचे बटण आहे का, मूळ अक्षरांशी न जुळणारी अक्षरे आहेत का, मागे स्क्रूच्या टर्मिनलऐवजी कोअॅक्सियल सॉकेट आहे का, हेडफोनच्या जॅकभोवतीचा रंग उडालेला आहे का, हे पाहावे. बटणे काढून त्यांच्याखालील रंग पाहणे फार उपयोगी पडते. मूळ बटणाखाली रंगाचे जुने, न विटलेले वर्तुळ असते, तर नंतर पाडलेल्या भोकाभोवती रंगाचा काठ तुटलेला असतो. कार्डबोर्डची मागची बाजू मूळ असेल तर तिच्यावरील व्हॉल्व्हचा आराखडा लगेच टिपून घ्यावा.

चॅसिस काय सांगतो

माझ्या मते सर्वांत विश्वासू साक्षीदार चॅसिसच आहे. घटक कोणीही बदलू शकतो. पत्र्याला पाडलेले भोक बुजत नाही. कारखान्यात आधी पत्र्याला ठशाने भोके पाडली जात आणि त्यानंतर त्यावर मुलामा दिला जाई, त्यामुळे मूळ भोकाच्या कडेवरही मुलामा असतो. ड्रिलने नंतर पाडलेल्या भोकाची कड उघडी, कधी चकचकीत, कधी गंजलेली असते, आणि खालच्या बाजूला बोटाला टोचणारा काठ राहिलेला असतो. अशा जागी पॉलिश-पेपर घासण्याचा मोह टाळावा. जुन्या लष्करी आणि अमेरिकी चॅसिसवरील मुलामा बहुधा कॅडमियमचा असतो आणि त्याची धूळ विषारी आहे.

दुसरी खूण सॉकेटांची. बऱ्याच कारखान्यांत व्हॉल्व्हची सॉकेटे रिव्हेटने ठोकलेली असत. रांगेतील सहा सॉकेटे रिव्हेटने आणि सातवे नट-बोल्टने बसवलेले दिसले, तर त्या सातव्या जागी काहीतरी घडले आहे हे निश्चित समजावे. आठ पिनांच्या ऑक्टल सॉकेटच्या मोठ्या भोकावर पत्र्याची चकती बसवून तिच्यात लहान नऊ पिनांचे सॉकेट घातलेले मी इथल्या घरगुती संचांत अनेकदा पाहिले आहे. जुना अमेरिकी किंवा इंग्रजी व्हॉल्व्ह मिळेनासा झाला तेव्हा मेकॅनिकने हाताशी असलेली ई-मालिका (ईएल८४ सारखे युरोपीय व्हॉल्व्ह) वापरली, असा त्याचा सरळ अर्थ आहे. हे काम आपल्याला आज ओबडधोबड वाटले, तरी त्या काळी त्या घरातला रेडिओ त्यामुळेच पुन्हा बोलू लागला होता, याची जाणीव ठेवून ते पाहावे.

रिकामी भोके, कशालाही न धरणारा रबर ग्रॉमेट, कुठेच न जाणारी टॅगस्ट्रिप (तारा जोडण्याच्या टोकांची पट्टी) या गोष्टी आधी असलेल्या आणि नंतर काढून टाकलेल्या भागाच्या खुणा असतात. माझ्या बीसी-३४८ मध्ये मागच्या बाजूला मोठा ट्रान्सफॉर्मर आणि शेजारी रेक्टिफायरचे सॉकेट होते. या रिसीव्हरमध्ये मुळात विमानाच्या २८ व्होल्टवर चालणारी डायनामोटर नावाची फिरती मशीन असते. युद्धानंतर हे संच स्वस्तात विकले गेले तेव्हा हौशी लोकांनी ती काढून त्याच जागी मेन्सचा सप्लाय बसवला. डायनामोटरच्या पायांची चार भोके ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला तशीच उघडी होती.

तारा, सोल्डर आणि घटकांचे वय

आता चॅसिस उलटा करावा आणि भिंगातून पाहावे. मूळ जोडणीत तार टॅगला आधी गुंडाळलेली किंवा अडकवलेली असते आणि सोल्डर नंतर दिलेला असतो. काही कारखान्यांत तपासनीस प्रत्येक सांध्यावर लाल किंवा हिरव्या रंगाचा ठिपका देत. नंतरच्या हातांनी बहुधा तार नुसती टेकवून सोल्डरचा गोळा बसवलेला असतो आणि त्याभोवती फ्लक्सचा तपकिरी थर साचलेला असतो. महायुद्धाच्या उत्तरार्धातील लष्करी संचांवर ओलावा आणि बुरशीपासून संरक्षण देणारे पिवळसर व्हार्निश फवारलेले असते आणि चॅसिसवर एमएफपी (ओलावा-बुरशीरोधक या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे) असा शिक्काही आढळतो. असे व्हार्निश असेल तर आपले काम निम्मे सोपे होते: ज्या सांध्यावर ते तुटलेले किंवा नाहीसे आहे, तेथे फवारणीनंतर कोणाचा तरी हात लागला आहे.

तारांच्या बाबतीत कापडी आवरण, रबर, मेण लावलेले सूत ही जुनी लक्षणे आहेत. १९४० पूर्वीच्या संचात चमकदार प्लास्टिकच्या आवरणाची तार दिसली तर ती नंतरची समजावी. मूळ तारा एकत्र बांधून, कोपऱ्यात काटकोनात वळवून नेलेल्या असतात; नंतरची तार बहुतेक वेळा जवळच्या वाटेने, तिरकी, बाकी तारांच्या वरून गेलेली असते. वरून गेलेल्या तारेपासून शोध सुरू करावा, असे मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगतो.

घटकांवर तारीख असेल तर ती वाचावी. अमेरिकी पोटेन्शिओमीटरवर बहुधा सहा किंवा सात अंक उमटवलेले असतात. १३७५२२३ असे असेल तर १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा क्रमांक, ५२ म्हणजे १९५२ हे वर्ष आणि २३ हा त्या वर्षातला आठवडा. संच १९४८ चा आणि व्हॉल्यूम कंट्रोल १९५२ चा, तर तो बदललेला आहे. रेझिस्टरवर रंगाच्या पट्ट्या नसून संपूर्ण अंग एका रंगाचे, टोक दुसऱ्या रंगाचे आणि मधोमध एक ठिपका अशी रचना असेल तर ती जुनी पद्धत आहे. अशा रेझिस्टरांच्या गर्दीत पट्ट्यांचा एकच दिसला तर त्याच्याकडे लक्ष द्यावे. रंगीत पट्ट्यांचे चपटे पॉलिएस्टर कंडेन्सर १९६० च्या दशकातले, म्हणजे युद्धकालीन संचात ते उपरेच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नवा घटक म्हणजे फेरफार नव्हे. जुने कागदी कंडेन्सर गळके होतातच आणि ते त्याच किमतीच्या नव्या कंडेन्सरने बदलणे ही साधी देखभाल आहे. जुने कार्बनचे रेझिस्टर वयानुसार किंमत वाढवत जातात. ४७ किलोओहमचा रेझिस्टर मीटरवर ६५ दाखवत असेल, तर किंमत कोणी बदललेली नाही, ती वयाने वाढली आहे. म्हणून आधी रंग वाचावेत, मग मीटर लावावा. मी वहीत प्रत्येक फरकापुढे चारपैकी एक शब्द लिहितो: कारखाना, देखभाल, पर्याय, फेरफार. मूळ घटक न मिळाल्यामुळे जवळचा दुसरा घातला तर तो पर्याय; आणि संचाने मुळात न केलेले काम त्याच्याकडून करून घेण्यासाठी सर्किट बदलले असेल, तरच तो खरा फेरफार.

पिनेपासून पिनेपर्यंत

खरा कस लागतो तो या पायरीवर, आणि घाई येथेच नडते. डायग्रामची मोठी प्रत छापून घ्यावी. एका व्हॉल्व्हचे सॉकेट निवडावे, त्याच्या प्रत्येक पिनेला काय जोडले आहे ते डोळ्यांनी आणि मीटरच्या कंटिन्युइटीने तपासावे, डायग्रामशी जुळणारी रेघ पिवळ्या पेनने रंगवावी आणि न जुळणारी लाल पेनने नव्याने काढावी. ऑक्टल सॉकेटच्या पिना खालून पाहताना खाचेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात. व्हॉल्व्हमध्ये कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, ग्रिड त्यांच्यावर ताबा ठेवते, स्क्रीन ही दुसरी जाळी आणि प्लेट ते गोळा करते. ६एसके७ मध्ये ४ ग्रिड, ५ कॅथोड, ६ स्क्रीन आणि ८ प्लेट असते, तर ६व्ही६ मध्ये ३ प्लेट, ४ स्क्रीन, ५ ग्रिड आणि ८ कॅथोड. पूर्ण झाल्यावर कागदावर लाल रेघांचे दोन-तीन पुंजके दिसतात, आणि बहुधा तेवढेच फेरफार संचात असतात.

सुरुवात आवाजाच्या शेवटच्या व्हॉल्व्हपासून करावी, कारण त्याचा कॅथोड रेझिस्टर बोलका असतो. २५० व्होल्टवर ६व्ही६ ला सुमारे २५० ओहम लागतात, ६एल६ ला सुमारे १७०, आणि ईएल८४ ला सुमारे १३५. सॉकेटमध्ये ६व्ही६ आहे पण कॅथोडला १७० ओहम आहेत, असे आढळले तर मधल्या काळात तेथे ६एल६ चालवला गेला असावा, आणि त्याच्या फिलामेंटला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारेला) ०.९ अॅम्पियर लागत असल्यामुळे, ६व्ही६ च्या ०.४५ च्या दुप्पट, ट्रान्सफॉर्मर तापला असण्याचीही शक्यता वहीत नोंदवावी.

फिलामेंटची जोडणी वेगळी तपासावी. बीसी-३४८ मध्ये २८ व्होल्टसाठी फिलामेंट गटागटाने एकापाठोपाठ जोडलेली असतात, ६.३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालवण्यासाठी ती सर्व समांतर करावी लागतात. माझ्या संचात हे काम नीटनेटके झाले होते, फक्त डायलच्या दिव्यांचा मूळ रेझिस्टर तसाच राहिल्यामुळे ते मंद पेटत होते. माळव्याच्या खेड्यांतून येणाऱ्या बॅटरी संचांत मात्र फार जपावे लागते. डीके९६, डीएफ९६ या व्हॉल्व्हची फिलामेंट १.४ व्होल्ट आणि २५ मिलिअॅम्पियर इतकी नाजूक असतात. अशा संचाला मागाहून घरगुती बॅटरी एलिमिनेटर (बॅटरीऐवजी मेन्सवरून दाब देणारी पेटी) जोडलेला असेल, तर व्हॉल्व्ह काढून ठेवून एलिमिनेटरचा दाब आधी भारासह मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नेहमी भेटणारे फेरफार

पॉवर सप्लायमध्ये रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या जागी सिलिकॉन डायोड हा आपल्याकडील सर्वांत सामान्य बदल आहे. सॉकेट रिकामे असते आणि त्याच्या खाली ४ व ६ या पिनांपासून ८ कडे जाणारे बीवाय१२७ किंवा १एन४००७ असे दोन डायोड दिसतात. मूळ रेक्टिफायर तापवणाऱ्या ५ व्होल्टच्या वाइंडिंगची टोके टेप लावून मोकळी सोडलेली असतात. कधी जुन्या व्हॉल्व्हच्या बुडातच डायोड बसवलेले असतात आणि वरून काहीच कळत नाही. ५वाय३ या रेक्टिफायर व्हॉल्व्हमध्ये होणारी दाबाची घट डायोडमध्ये होत नाही, त्यामुळे एचटी वाढते. शिवाय इतर व्हॉल्व्ह गरम होण्यापूर्वीच पूर्ण दाब येतो. ३५०-०-३५० च्या (मध्यापासून दोन्ही बाजूंना ३५० व्होल्ट देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर तो ३५० गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ४९५ व्होल्ट होऊ शकतो, आणि ४५० व्होल्टचा फिल्टर कंडेन्सर तो फार दिवस सोसत नाही. जाणत्या माणसाने हा बदल केला असेल तर डायोडनंतर मोठ्या वॅटचा एक रेझिस्टर सापडतो. तो नसेल तर लाल शाईत नोंद करावी.

हॅम मंडळींचे काम मुख्यतः डिटेक्टर, बी.एफ.ओ. (मोर्स आणि साइडबँड ऐकण्यासाठी संचातच तयार होणारा सिग्नल) आणि ए.व्ही.सी. (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारी रचना) या तीन जागी सापडते. मूळ डायोड डिटेक्टर प्रसारण ऐकण्यासाठी उत्तम असतो, पण सिंगल साइडबँडला बी.एफ.ओ. चा जोर अधिक लागतो. त्यासाठी कोणी बी.एफ.ओ. पासून डिटेक्टरकडे जाणारा कंडेन्सर मोठा करतो. मुळात तेथे पीळ दिलेल्या दोन तारांएवढाच कंडेन्सर असू शकतो, त्याऐवजी ४७ पिकोफॅराडचा दिसतो. कोणी १२एयू७ किंवा ६बीई६ घालून वेगळा प्रॉडक्ट डिटेक्टरच (साइडबँडसाठी खास डिटेक्टर) बांधतो. ए.व्ही.सी. मध्ये मूळ ०.१ मायक्रोफॅराडच्या कंडेन्सरला समांतर १ मायक्रोफॅराडचा आणि एक स्विच आढळला, तर उद्देश स्पष्ट आहे: १ मेगओहमशी मूळ कालमर्यादा सेकंदाचा दहावा भाग होती, ती आता सुमारे एक सेकंद झाली, म्हणजे शब्दाशब्दांमधल्या शांततेत खरखर उसळत नाही. बीसी-३४८ मध्ये आवाजाचे आणि आर.एफ. गेनचे (अँटेनाकडील सिग्नल किती वाढवायचा त्याचे) नियंत्रण मूळ स्विचने एकत्र बांधलेले असते; ते वेगळे करणे हा त्या संचावरचा जुना, आणि मला विचाराल तर उपयुक्त, फेरफार आहे.

ऑसिलेटरजवळ (स्टेशन लावण्यासाठी संचात सिग्नल निर्माण करणाऱ्या भागाजवळ) जांभळट किंवा नारिंगी उजेड देणारा, फिलामेंट नसलेला व्हॉल्व्ह जास्तीचा असेल तर तो व्हीआर-१५० किंवा ओए२ सारखा दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असतो. स्टेशन सरकू नये म्हणून तो घातला जातो. एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा), नॉइज लिमिटरमध्ये (खरखर कमी करणाऱ्या भागात) ६एच६ ऐवजी जर्मेनियम डायोड, पिकअपचे किंवा टेपचे सॉकेट, हे बदल सहज ओळखू येतात.

सर्वांत अवघड म्हणजे अँटेनाकडचा भाग. तेथे कॉइलचे दोन-चार वेढे काढले असतील, लहान कंडेन्सर समांतर बसवला असेल किंवा गँग कंडेन्सरच्या (स्टेशन लावताना फिरणाऱ्या जोड-कंडेन्सरच्या) पाकळ्या उपटून बँड पसरवला असेल, तर डायग्राम काहीच सांगत नाही. गँगच्या प्रत्येक भागातील पाकळ्या मोजाव्यात आणि कापलेल्या कडा शोधाव्यात. कॉइलवरील मेण तुटलेले आहे का, तारेचे टोक पुन्हा खरवडून जोडलेले आहे का, ते पाहावे. मग सिग्नल जनरेटर लावून डायलशी तुलना करावी. घरगुती संचात ३१ मीटर बँड, म्हणजे ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झ, डायलवर जिथे छापला आहे तेथे ७ मेगाहर्ट्झचे हॅम सिग्नल येत असतील, तर ऑसिलेटरच्या कॉइलला हात लागलेला आहे. मीडियम वेव्हची डायल बरोबर असेल आणि केवळ एकच शॉर्टवेव्ह बँड सरकलेला असेल, तर आय.एफ. निर्दोष आहे आणि शोध त्या एका बँडच्या कॉइलपुरता मर्यादित ठेवावा. आकाशवाणी इंदूरचे ६४८ किलोहर्ट्झ हे स्थान या कामी मला पिढ्यान्‌पिढ्यांच्या डायलींवर उपयोगी पडले आहे. आय.एफ. ४५५ असताना इमेज सिग्नल (तेच स्टेशन डायलवर चुकीच्या जागी दुसऱ्यांदा येणे) ९१० किलोहर्ट्झ दूर येतो, हे लक्षात ठेवले तर इमेजलाच स्टेशन समजून चुकीचा निष्कर्ष निघत नाही.

वीज देऊन खात्री

कागदावरचे काम संपल्यावरच संचाला वीज द्यावी, आणि तीही फेजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घालून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटत राहिला तर तात्काळ बंद करावे. अमेरिकी ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर, दाब बरोबर असला तरी, अधिक तापतो, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात तो हाताने, अर्थात संच बंद करून, तपासत राहावा.

एचटी वर मीटर लावून स्विच दाबावा. एका सेकंदात दाब चढला तर कुठेतरी डायोड दडलेला आहे, वरच्या बाजूला रेक्टिफायर व्हॉल्व्ह पेटलेला दिसत असला तरी. त्यानंतर पिनांवरचे दाब छापील तक्त्याशी ताडून पाहावेत, पण तक्ता कोणत्या मीटरने केला होता ते आधी वाचावे. जुने तक्ते कित्येकदा १००० ओहम प्रति व्होल्टच्या मीटरने केलेले असतात. २५० व्होल्टच्या रेंजवर असा मीटर स्वतःच २५० किलोओहमचा भार होतो. ज्या प्लेटला १०० किलोओहममधून एचटी मिळते आणि जिथे खरा दाब १५० व्होल्ट आहे, तेथे तो मीटर सुमारे १०७ दाखवतो, तर आजचा १० मेगओहमचा डिजिटल मीटर जवळजवळ १५०. हा फरक पाहून रेझिस्टर बदलला असल्याचे ठरवणारे अनेक जण मला भेटले आहेत. कमी रेझिस्टन्सच्या जागी, म्हणजे कॅथोडवर किंवा थेट एचटीवर, दोन्ही मीटर एकच आकडा दाखवतात. म्हणून तुलना तेथून सुरू करावी.

काय ठेवावे, काय काढावे

जीविताला धोका असलेला बदल विनाचर्चा काढावा: फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तार, फेजपासून चॅसिसला दिलेला जुना कागदी कंडेन्सर, कुजलेली दोन पदरी कॉर्ड. ट्रान्सफॉर्मर असलेल्या संचाला तीन पदरी कॉर्ड आणि अर्थ द्यावा. चॅसिस उष्ण, म्हणजे मेन्सला जोडलेला, असेल तेथे अर्थ देऊन धोका मिटत नाही. तेथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच हवा.

बाकीच्या फेरफारांबद्दल मी सहसा महिनाभर काहीच करत नाही. संच रोज रात्री लावतो, ४१ आणि ३१ मीटरवर फिरवतो, बदलाचा फायदा खरोखर ऐकू येतो का ते पाहतो. भोके न पाडता केलेला बदल परतवता येतो, त्यामुळे त्याची घाई नसते. भोके पाडून केलेला बदल परतवूनही चॅसिस पूर्ववत होत नाही. तो नीट चालत असेल तर तसाच ठेवणे मला योग्य वाटते, मूळ घटक हाती असले तरीही.

काढलेला प्रत्येक घटक लहान प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर कोठून काढला ते लिहावे. लाल-पिवळ्या रेघांच्या डायग्रामची स्वच्छ प्रत काढावी, तिच्यावर दिनांक, संचाचा अनुक्रमांक, मोजलेले दाब आणि वापरलेल्या मीटरचा प्रकार नोंदवावा, आणि घडी घालून ती पेटीच्या आतल्या बाजूला, व्हॉल्व्हच्या उष्णतेपासून दूर, चिकटवून ठेवावी. माझ्या बीसी-३४८ च्या झाकणाच्या आत अशीच एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. तिच्यावर ट्रान्सफॉर्मरच्या सहा टोकांचे रंग आणि त्यांचे दाब शाईने लिहिलेले होते, आणि सहाही आकडे आजच्या मीटरवर बरोबर निघाले.